यवतेश्वरचा घाट आणि मोटरचा टॉर्क

साताऱ्यात जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरला नवी मोटर टाकायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती वॅटची? दुकानदारही त्याच भाषेत बोलतो. हजार, दीड हजार, दोन हजार. आकडा वाढला की किंमत वाढते, आणि आकडा वाढला म्हणजे गाडी घाट चढणारच असं गिऱ्हाईक धरून चालतं. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. सपाटीवरच्या गावात तो अपुरा राहिला तरी भागून जातं, आपल्याकडे भागत नाही. अजिंक्यताऱ्याच्या कुशीतलं हे शहर. समर्थ मंदिराच्या पुढे गेलात की बोगद्याकडे वळा नाहीतर यवतेश्वरकडे, चढ काही सुटत नाही.

माझा आतेभाऊ यवतेश्वरच्या वर राहतो आणि खाली पेठेत एका दुकानात कामाला आहे. त्यानं जुनी अडीचशे वॅटची स्कूटर घेतली. लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही, पेट्रोलचा खर्च नाही. शहरात ती गुमान चालते. घाटात मात्र एकट्यालाच रडतखडत नेते, आणि मागे बायको बसली की अवघड वळणाला तिला उतरून चालावं लागतं. दिवसभर उभ्यानं काम करून आलेल्या बाईनं घाटात गाडीमागे चालायचं, हे मला बघवत नाही. म्हणून त्यानं जेव्हा विचारलं, "दादा, हजारची टाकू का दीड हजारची?" तेव्हा मी त्याला एका आकड्यात उत्तर दिलं नाही. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे जळालेल्या मोटरी बघतच मी मोठा झालो. मोटर कशानं जळते हे ज्याला कळलं, त्याला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि पॉवर, म्हणजे तो जोर किती वेगानं लावत राहता येतो, यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

आम्ही कागद घेऊन बसलो. बॅटरीसकट स्कूटर ९० किलो, तो ७०, बायको ६०. झाले २२० किलो. घाटाचा चढ आठ टक्के धरला, म्हणजे रस्त्यानं शंभर मीटर गेल्यावर आठ मीटर वर. वळणाच्या आतल्या अंगाला तो याहून कडक लागतो, पण हिशेबाला आठ ठीक आहे. या चढावर वजनच गाडीला मागे ओढतं, ते साधारण १७३ न्यूटन इतक्या बळानं. टायर घासतात त्याचे आणखी ३० च्या आसपास. म्हणजे गाडी पुढे सरकायची तर चाकानं रस्त्याला सुमारे २०५ न्यूटननं मागे रेटलं पाहिजे. दहा इंची रिमचं चाक टायरसकट धरलं तर आसापासून रस्त्यापर्यंतचं अंतर २१ सेंटीमीटरच्या आसपास येतं. २०५ गुणिले ०.२१, म्हणजे ४३ न्यूटन-मीटर. हा झाला टॉर्क. वेग कितीही असो, अगदी मुंगीच्या चालीनं जायचं असलं, तरी एवढा टॉर्क चाकावर असलाच पाहिजे. एवढा नसेल तर गाडी हळू जात नाही, जागेवर थांबते आणि मग मागे येते.

पॉवर यानंतर येते. तेच २०५ न्यूटनचं बळ ताशी २० किलोमीटरच्या वेगानं लावत राहायचं असेल तर चाकावर साधारण ११४० वॅट लागतात. ३० नं जायचं असेल तर सतराशेच्या पुढे. आणि मोटर जेमतेम अडीचशे वॅट देत असेल तर हिशेबानं वेग येतो ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढा. प्रत्यक्षात अडीचशेवाली मोटर थोडा वेळ त्याहून जास्त जोर देते, म्हणून गाडी पहिली काही वळणं तरी बरी घेते. पण ते जास्तीचं तिला झेपत नाही.

इथपर्यंत बघितलं तर असंच वाटेल की मग दीड हजार वॅटची मोटर टाकली की झालं. गोम पुढे आहे. हीच गाडी, हीच दोन माणसं, आणि महामार्गासारखा सपाट रस्ता. ताशी ५० नं जायचं. आता चढ नाही, पण वारा अडवतो. वारा आणि टायर मिळून साधारण ९६ न्यूटन होतात, आणि त्या वेगाला पॉवर लागते तेराशे वॅटच्या आसपास. म्हणजे घाटात २० नं चढायला जेवढी लागते त्यापेक्षा थोडी जास्तच. पण टॉर्क? सपाटीवर २० न्यूटन-मीटर, घाटात ४३. वॅट जवळपास तेवढेच, टॉर्क दुपटीहून जास्त. जी दीड हजार वॅटची मोटर सपाटीवर पन्नासनं पळण्यासाठी बनवली आहे ती घाटात कमी पडू शकते, आणि तिच्या पाटीवर तर दीड हजारच लिहिलेलं असतं. आतेभावानं हे दोन आकडे परत परत बघितले. "म्हणजे दुकानदारानं खोटं सांगितलं नाही, पण खरंही सांगितलं नाही," असं तो म्हणाला.

पॉवर म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. न्यूटन-मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि ९५४९ नं भागायचं, किलोवॅट मिळतात. गुणाकार तोच ठेवून एक वाढवलं तर दुसरं कमी होतं. याचं डोळ्यांपुढचं उदाहरण हवं असेल तर ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन थांबावं. तिथल्या पवनचक्क्या दिसायला किती संथ फिरतात. समजा ३५० किलोवॅटचं यंत्र आहे आणि पाती मिनिटाला ३० फेरे घेतायत. मग पात्यांच्या दांड्यावरचा टॉर्क एक लाख अकरा हजार न्यूटन-मीटरच्या घरात जातो. वर त्या डब्यात गिअरबॉक्स असतो. तो फेरे पन्नास पटींनी वाढवून मिनिटाला १५०० करतो आणि टॉर्क तेवढ्याच पटींनी खाली आणून बावीसशेवर ठेवतो, कारण जनरेटरला वेग हवा असतो. गिअरबॉक्समध्ये थोडं घासून जातं ते सोडलं तर पॉवर तीच राहिली. स्कूटरला नेमकं याच्या उलट पाहिजे: भरभर फिरणारी मोटर, आणि चाकापाशी हळू पण दमदार फिरणं.

पेट्रोलच्या स्कूटरमध्ये हे काम बेल्ट आणि पुली गुपचूप करतात. ११० सीसीच्या इंजिनाचा स्वतःचा टॉर्क ९ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पण घाटात पुल्या आपोआप सरकून गिअर खाली येतो, मागे आणखी गिअरची जोडी असते, आणि चाकापर्यंत तो टॉर्क कितीतरी पटींनी वाढून पोचतो. आतेभावाच्या स्कूटरला हे काहीच नाही. तिची मोटर चाकातच बसवलेली, हब मोटर. मधे तांब्याच्या गुंडाळ्या, बाहेर फिरणाऱ्या कवचाला चुंबकं, आणि तेच कवच म्हणजे चाकाचा रिम. मोटरचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. घाट आला म्हणून खाली टाकायला गिअर नाही. सगळा जोर गुंडाळ्यांतून जाणाऱ्या करंटनं काढायचा.

कंपन्यांच्या पत्रकांवरचे टॉर्कचे आकडे वाचताना याचाच गोंधळ होतो. एथर ४५०एक्सचा टॉर्क २६ न्यूटन-मीटर लिहिलेला, टीव्हीएस आयक्यूबचा १४०. बघणाऱ्याला वाटतं, दुसरी पाचपट ताकदीची. तसं काही नाही. पहिलीची मोटर मधे बसवलेली आहे, बेल्टनं चाकाला जोडलेली, आणि २६ हा मोटरच्या दांड्यावरचा आकडा. चाकावर तो अनेक पटींनी वाढतो. दुसरी हब मोटर, तिचा आकडा थेट चाकावरचा. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मोजण्याची जागा वेगळी. म्हणून टॉर्क विचारताना "चाकावर किती?" असं विचारायचं.

आता करंट. या मोटरींमध्ये टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो आणि जास्तीत जास्त वेग व्होल्टेजच्या. ६० व्होल्टची बॅटरी ७२ ची केली तर गाडी जास्त पळेल, पण करंट तोच राहिला तर चढावर एक कणभरही जास्त जोर येणार नाही. टॉर्क दुप्पट पाहिजे तर करंट दुप्पट. आणि करंट दुप्पट झाला की गुंडाळीत होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, शंभर अंशांनी तापलं तर जवळजवळ चाळीस टक्के. मग त्याच करंटला आणखी उष्णता. हे चक्र एकदा सुरू झालं की फार वेळ लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात ऊसवाल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. व्होल्टेज पडलं, सिंगल फेज झाली, आणि विहिरीवरची मोटर जळाली, हे वाक्य प्रत्येक उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या बांधावर ऐकू येतंच. पंपावरचा भार तसाच असतो, कमी व्होल्टेजवर तो ओढायला मोटर जास्त करंट घेते, आणि गुंडाळीच्या तारेवरचं वार्निश जळतं. स्कूटर घाटात जळते तेव्हा कारण थोडं वेगळं असतं, पण मरण तेच.

ओळखीच्या एका फिटरकडे मी आतेभावाला मुद्दाम घेऊन गेलो. त्याच्याकडे दुरुस्तीला आलेली अशीच एक हब मोटर होती. बाजूचं झाकण हातानं निघत नाही, चुंबकं आत ओढून धरतात. पुलर लावून, पान्यानं एकेक आटा फिरवत तो ते हळूहळू वर घेतो, आणि शेवटी ते खाडकन सुटतं. झाकण सुटलं आणि तो वास आला. लहानपणापासून मी तो ओळखतो, जळक्या वार्निशचा, थोडा गोडसर आणि घशाला लागणारा. गुंडाळ्या एका बाजूला अजून तांबूस होत्या, दुसऱ्या बाजूला काळ्याकुट्ट. चुंबकांची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या बारीक वायरी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. फिटरनं नखानं एक वेढा खरवडला, वार्निशची पापडी सुटून त्याच्या हातावर आली. "पाटीवर हजार वॅटच आहे," तो म्हणाला, "पण मोटर उचलून बघा." मी उचलली. भलतीच हलकी होती.

मोटरचं वजन मला पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त खरं वाटतं. विकणारे बऱ्याचदा सांगतात, ही हाय टॉर्क वाइंडिंगची आहे. वेढे जास्त, तार बारीक. अशी मोटर एका अँपिअरमागे जास्त टॉर्क देते हे खरं आहे, तिचा वेग कमी असतो, आणि त्यामुळे कंट्रोलरवर, म्हणजे बॅटरीतून मोटरला करंट मोजून देणाऱ्या डबीवर, आणि वायरींवर ताण कमी येतो. घाटवाल्यांनी कमी फेऱ्यांचीच मोटर घ्यावी, ताशी सत्तरच्या नादाला लागू नये, हे माझंही मत. पण खाचांमध्ये तांबं तेवढंच भरलेलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला होणारी उष्णता तेवढीच राहते. वेढे वाढवले की तार बारीक होते, विरोध वाढतो, आणि हिशेब बरोबरीत सुटतो. मोटर थंड राहायची तर तांबं जास्त पाहिजे, लोखंड जास्त पाहिजे, चुंबकं रुंद पाहिजेत. हे सगळं काट्यावर दिसतं. म्हणून दुकानात वजनकाटा मागायला लाजू नये.

हब मोटरची आणखी एक अडचण म्हणजे उष्णता बाहेर पडायला तिला नीट वाट नसते. गुंडाळ्या आत, मधे हवेची फट, मग बाहेरचं कवच. गाडी पळत असताना कवचाला वारा लागतो. घाटात वेग कमी, वाराही कमी, आणि उष्णता मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे चढावर अडकलेली वाहतूक. कासला फुलं आली की रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. कित्येक स्कूटरवाले ब्रेक न धरता थोडासा थ्रॉटल देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरतात. पाय टेकावा लागत नाही, सोपं वाटतं. त्या क्षणी चाक फिरत नाही, म्हणजे पॉवर शून्य. टॉर्क मात्र जवळजवळ पूर्ण लागतोय, करंट पूर्ण वाहतोय, आणि बॅटरीतून येणारा प्रत्येक वॅट उष्णता होतोय. चाक थांबलेलं असल्यामुळे करंट एकामागून एक सगळ्या गुंडाळ्यांमधून फिरतही नाही, त्याच त्याच गुंडाळ्या भाजत राहतात. बहुधा म्हणूनच त्या उघडलेल्या मोटरची एक बाजू तांबूस आणि दुसरी काळी होती. ब्रेक धरा. एवढं एक केलं तरी मोटरचं आयुष्य वाढतं.

मोटरएवढंच महत्त्व कंट्रोलरला आणि बॅटरीला आहे, आणि दुकानात त्यांची चौकशी सगळ्यात शेवटी होते. आमच्या कागदावर घाटात २० च्या वेगाला चाकावर ११४० वॅट होते. वाटेतली गळती धरली तर बॅटरीतून पंधराशे घ्यावे लागतील, ६० व्होल्टला २५ अँपिअर. बॅटरीच्या बीएमएसची, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटची, मर्यादा २० अँपिअरची असेल तर मोटर दोन हजार वॅटची टाका की पाच हजारची, बीएमएस भर वळणावर सप्लाय तोडणार. बॅटरीत साठवण भरपूर असते. ३०० मीटर उंची चढायला या वजनाला गळतीसकट पाव युनिटच्या आसपास वीज पुरते, आणि ६० व्होल्ट ३० अँपिअर-तासाच्या बॅटरीत पावणेदोन युनिटहून जास्त असते. अडचण साठ्याची नसून एका वेळी किती काढता येते याची आहे. कंट्रोलरचं गणित आणखी वेगळं. हळू चढताना बॅटरीकडून तो ६० व्होल्टला २५ अँपिअर घेतो आणि मोटरला वीस-पंचवीस व्होल्टला पन्नासच्या वर अँपिअर देतो. टॉर्क या दुसऱ्या आकड्यानं ठरतो, फेज करंटनं. कंट्रोलरच्या डबीवर बहुतेक वेळा पहिलाच आकडा छापलेला असतो. दुसरा विचारावा लागतो.

टॉर्क वाढला की तो धरून ठेवणारं लोखंडही तसंच लागतं. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तेवढ्याच जोरानं आपल्या आसाला उलटं फिरवू बघते. आसाच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात आणि त्या स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, खाचेत अडकून बसतात. अडीचशे वॅटच्या गाडीची ती खाच चाळीस-पन्नास न्यूटन-मीटर रोज सोसण्यासाठी केलेली नसते. ती रुंदावते, नट ढिला होतो, आणि एक दिवस आस खाचेत फिरून त्यातून येणाऱ्या वायरी पिळून तोडतो. टॉर्क आर्म नावाची जाड पट्टी आसाला अडकवून फ्रेमला बोल्ट करतात, ती यासाठीच. आणि ब्रेकचं काय? २२० किलो जेवढं वर चढलं तेवढं परत खाली येणार आहे. छोट्या ड्रमच्या ब्रेकवर वेगानं उतरायचा विचार मला करवत नाही.

कायद्याची बाजू मी आतेभावाला शेवटी सांगितली, खरं तर ती आधी सांगायला हवी. लायसन आणि पासिंग न लागणारी गाडी म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २ (यू) प्रमाणे जिच्या मोटरची ३० मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, ती. ३० मिनिटांची पॉवर, हे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. मोटर क्षणभर किती जोर काढते हे नियम बघत नाही, अर्धा तास सलग किती देऊ शकते हे बघतो. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनीही मोटरची खरी मर्यादा उष्णतेतच मोजली. दीड हजार वॅटची मोटर टाकली की गाडी या व्याख्येतून बाहेर पडते. ती मोटार वाहन होते, तिला नोंदणी, विमा, लायसन सगळं लागतं, आणि घरी बदल केलेल्या गाडीची नोंदणी सहज होत नाही. नोंदणी असलेल्या गाडीतही मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परस्पर करायला मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मनाई करतं. घाटात अपघात झाला, मागे बायको बसलेली, आणि विमा नाही, याचा विचार मोटर निवडण्याच्या आधी व्हायला हवा.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही मोटर बदलायचं सोडून दिलं. मोटर, कंट्रोलर, बॅटरी, टॉर्क आर्म, ब्रेक, सगळं धरलं तर खर्च जुन्या पण नोंदणी असलेल्या चांगल्या गाडीच्या जवळ जात होता, आणि तरीही गाडी बेकायदाच राहिली असती. अडीचशेवाली स्कूटर त्यानं बहिणीला कराडला दिली. तिथे घरापासून मंडईपर्यंत सपाट रस्ता, एकटी बाई, थोडा भाजीपाला. त्या कामाला ती मोटर अगदी बरोबर आहे, आणि तिथे ती वर्षानुवर्षं तापणारसुद्धा नाही.

स्वतःसाठी तो आता मधे बसवलेली मोटर आणि गिअर किंवा बेल्ट असलेली जुनी गाडी बघतोय. दुकानदार चाचणीसाठी पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारून या म्हणतात. मी त्याला सांगितलंय, चाचणी घाटातच घ्यायची, बायकोला मागे बसवून. बॅटरी पूर्ण भरलेली नको, तिसऱ्या हिश्शावर आलेली असू दे, कारण तेव्हा व्होल्टेज जास्त पडतं. सगळ्यात कडक वळणाच्या अलीकडे गाडी ब्रेक धरून थांबवायची, मिनिटभर तशीच उभी ठेवायची, आणि मग ब्रेक सोडून उचलायची. धावत आलेल्या वेगाचा आधार नसताना ती दोघांना घेऊन निघाली, आणि वर पोचल्यावर स्क्रीनवर तापल्याची सूचना आली नाही, तर किंमतीचं बोलायला बसायचं.